लीगचे नियम परत बदलले, आता आपल्या टेबलनं काय करायचं? (सोलापूर, डी अँड डी)

फाशांचा_फड

मंडळी, रविवारी टेबलवर जो राडा झाला त्यावर व्हॉट्सॲपवर बोलून काही निष्पन्न होत नाहीये, तिथं कडक_भाकरी नुसते स्टिकर टाकतो आणि मुद्दा वर निघून जातो, म्हणून इथं धागा काढतोय. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही जुळे सोलापुरात एकाच्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकजण एक कॅरेक्टर चालवतो आणि डीएम, म्हणजे मी, गोष्ट आणि राक्षस चालवतो) खेळतो आणि पहिल्यापासून ॲडव्हेंचरर्स लीगच्या (कंपनीची अधिकृत मोहीम, सगळीकडं नियम सारखे) नियमांनी खेळतो. म्हणजे फासे टाकून स्टॅट (ताकद, बुद्धी वगैरेचे आकडे) काढायचे नाहीत, २७ पॉइंटचा पॉइंट बाय (पॉइंट मोजून आकडे विकत घ्यायचे) नाहीतर १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच. सेशन संपला की लॉगशीट भरायची, काय मिळालं काय खर्च झालं सगळं त्यात. कारण साधं होतं, आपली पोरं नोकरीला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात, तिथं लीगचं टेबल सापडलं तर इथलं कॅरेक्टर आहे तसं घेऊन बसता यावं.

आता सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) आलं, नोव्हेंबरात डीएमचं पुस्तक, २०२५ च्या फेब्रुवारीत मॉन्स्टर मॅन्युअल. लीगपण नव्या पुस्तकांकडं वळली. मग प्रश्न असा की आपले चालू कॅरेक्टर नव्या नियमात बसवायचे, का ही मोहीम जुन्यावरच संपवायची, का लीगचा नादच सोडून घरचे नियम करायचे. मी नुसता विषय काढला तर आमच्या पॅलाडिननं (देवाची शपथ घेतलेला योद्धा, तो कडक_भाकरी खेळतो) पेन आपटला. त्याची बाजू त्यानंच मांडावी. शिव्या नकोत, इथं ताया पण वाचतात.

कडक_भाकरी

हजर आहे मालक. पेन आपटला नाही, जोरात ठेवला.

ऐका आता. जुन्या नियमात माझा पॅलाडिन वार करतो, वार लागला की मग ठरवतो स्माइट (वरून जास्तीचा दैवी मार) करायचा का नाही. स्लॉट (जादूचा मोजका साठा) जाळला की वरून दोन डी ८ (आठ बाजूंचे फासे). पाचव्या लेव्हलपासून टर्नला दोन वार, दोन्ही लागले तर दोन्हीवर स्माइट, स्लॉट माझे आहेत, मी जाळीन नाहीतर लोणचं घालीन. नव्या पुस्तकात स्माइट झाला स्पेल (मंत्र), वर बोनस ॲक्शन (टर्नमधली एकच जास्तीची छोटी कृती) खातो, म्हणजे टर्नला एकच. आणि स्पेल झाला म्हणल्यावर समोरचा जादूगार काउंटरस्पेल टाकून विझवू शकतो. देवाची शपथ घेतलेला माणूस गदा हाणूलालाय आणि कोपऱ्यातला कोणतरी बोट हलवून म्हणतो, वार लागला पण स्माइट नाही लागला. काय बे हे!

नवीन खेळाडूला लावा की हा नियम, मी नाही म्हणत नाही. पण मी हा गडी पहिल्या लेव्हलपासून याच हिशोबानं वाढवलाय, फीट (खास कौशल्य) घेतली ती याच हिशोबानं, स्लॉट वाचवले ते याच हिशोबानं. आता मध्येच येऊन म्हणायचं की खेळ बदलला.

फाशांचा_फड

दोन्ही बाजू सांग की मर्दा. नव्या पुस्तकात तुझं हातानं बरं करणं बोनस ॲक्शनला आलं, आधी अख्खी ॲक्शन जायची. वेपन मास्टरी (हत्याराचा खास डाव) मिळाली. पाचव्या लेव्हलला घोडा बोलवायचा स्पेल फुकट मिळतो, दिवसाला एकदा स्लॉट न जाळता.

कडक_भाकरी

घोड्याचं काय करू, तुम्ही आम्हाला कायम तळघरात ठेवता.

पत्त्यांचा_राजा

मी तुमच्या टेबलवर नसतो, पण वाचून एक विचारतो. सोलापुरात लीगचं दुसरं टेबल आहे का? नाही. मग हे कायदे कुणासाठी पाळताय? घरात बसून खेळायचं, डीएम तुमचा, चिवडा तुमचा, नियम अमेरिकेतल्या कंपनीचे. स्माइट जुना ठेवायचा तर ठेवा की, कोण येऊन बघणारे? आम्ही इस्पिट खेळताना पण प्रत्येक गल्लीचे नियम वेगळे असायचे, कुणाचं अडलं नाही.

शनिवारची_हुतात्मा

माझं अडतं ना राजे. मी पुण्याला असतो, शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो, रविवारी खेळतो, सोमवारी पहाटे परत. पुण्यात अधूनमधून लीगच्या नियमांचं टेबल लागतं, तिथं हाच रोग घेऊन बसतो, रोग म्हणजे चोरटा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार), तब्येत बरी आहे. तिथला डीएम मला ओळखत नाही. तो लॉगशीट बघतो, कुठल्या ॲडव्हेंचरमध्ये काय मिळालं बघतो, आणि बसू देतो. इथं एकदा घरचा नियम घुसला की माझी लॉगशीट म्हणजे रद्दी. हे एकट्याचं रडगाणं वाटेल, पण लीगनं खेळायचं ठरवलं तेच मुळात बाहेर जाणाऱ्यांसाठी.

पत्त्यांचा_राजा

म्हणजे बाकीच्यांनी एका माणसाच्या प्रवासासाठी नियम पाळायचे. बरं.

विजापूर_रोड

एका माणसासाठी नाही ओ. लीग नसती तर मी खेळणंच सोडलं असतं. कॉलेजात ज्या टेबलवर शिकलो तिथं डीएमच्या रूममेटला दुसऱ्याच सेशनला उडता गालिचा आणि आम्हाला दोरी. लीगमध्ये तसं होत नाही, काय द्यायचं ते ॲडव्हेंचरमध्ये छापलेलं असतं.

पण कडक्याचं दुखणं मला कळतं, कारण मी २०१८ चा विझार्ड (पुस्तकातून स्पेल शिकणारा जादूगार) आहे. त्या वर्षीच्या आठव्या सीझनला लीगनं एक्सपी (अनुभवाचे गुण) काढून टाकले आणि खजिन्यातलं गोल्डसुद्धा. ड्रॅगन मारा, त्याच्या गुहेत नाण्यांचा ढीग, डीएम वाचून दाखवणार, आणि तुमच्या खिशात शून्य. गोल्ड मिळायचं ते लेव्हल वाढली की ठराविक. आता विझार्डला दुसऱ्याच्या पुस्तकातला स्पेल आपल्या पुस्तकात उतरवायचा तर लेव्हलमागं ५० गोल्ड लागतात, तिसऱ्या लेव्हलचा एक स्पेल म्हणजे १५०. विझार्डचा सगळा धंदाच त्याच्यावर. फायटरवाले रडत होते की प्लेट चिलखत १५०० ला आहे, ते कधी घ्यायचं. बार्बेरियनला काहीच फरक नाही, तो उघड्या अंगानं फिरतो. म्हणजे एकच नियम सगळ्यांना लावला पण चिमटा काही क्लासनाच बसला. आताच्या बदलात पण तेच होणारे, पॅलाडिन ओरडतोय आणि माँक खेळणारा गप्प बसून हसतोय, कारण त्याचं नव्या पुस्तकात भलं झालंय.

नवखी_ड्रुइड

मी नवीन आहे, प्रश्न बावळट वाटला तर माफ करा. एक्सपी काढले तर लेव्हल कशी वाढायची मग?

पार्क_चौक_ते_परदेश

ताई, बावळट अजिबात नाही, सगळं भांडणच त्यावरून झालं होतं. मी मूळचा पार्क चौकातला, तेव्हा अमेरिकेत एका दुकानात लीगचं टेबल चालवत होतो, ते सगळं डोळ्यासमोर घडलंय त्यामुळं लांबण लावतोय, चहा घेऊन बसा.

लीग सुरू झाली २०१४ ला, पाचव्या आवृत्तीबरोबर. पहिली काही वर्षं हिशोब असा की राक्षस मारले, कामं केली, त्याचे एक्सपी, ते भागून वाटून घ्यायचे. मॅजिक आयटम सापडला तर तो एकालाच. ज्याच्याकडं कायमचे आयटम सगळ्यात कमी त्याचा हक्क पहिला, बरोबरी झाली तर फासा. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण टेबलवर काय व्हायचं बघा. एखाद्यानं पहिल्याच ॲडव्हेंचरमध्ये एक फालतू काठी घेतली, पुढं चांगली तलवार आली तर ती दुसऱ्याला, कारण याच्या यादीत एक आयटम आधीच आहे. मग लोक मुद्दाम काही घ्यायचेच नाहीत, नको नको म्हणत बसायचे आणि मोठ्या आयटमची वाट बघायचे. कुठल्या ॲडव्हेंचरमध्ये काय मिळतं ते सगळ्यांना पाठ. गोष्ट कोण ऐकतोय?

आठव्या सीझनला लीगनं सांगितलं की आता चेकपॉइंट. जेवढे तास खेळाल तेवढे चेकपॉइंट, चौथ्या लेव्हलपर्यंत चार झाले की लेव्हल वाढली, पाचवीपासून पुढं आठ लागणार. खजिन्याचे चेकपॉइंट वेगळे, ते साठवायचे आणि सापडलेला आयटम त्यातून घ्यायचा. आणि तो टेबलवरच्या कुणालाही घेता येतो, एकानं घेतला म्हणून दुसऱ्याचा जात नाही. तलवारीवरून भांडणं एका रात्रीत बंद झाली. हे कुणी कौतुकानं सांगत नाही, सगळे गोल्डचंच सांगतात.

टेरी_टॉवेल

आमच्याकडं अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग आहेत, त्यामुळं मला हे लगेच कळलं. आधी मजुरी पीसवर होती, मग तासावर केली. पीसवर असताना कामगार माग सोडत नाही, दोरा तुटला तरी घाई, चहाला पण उठायचा नाही. तासावर आला की निवांत. दोन्हीत खोट आहे. एक्सपीत माणसं दार उघडायच्या आधी तलवार काढायची कारण बोलून काय मिळत नव्हतं, चेकपॉइंटमध्ये सराईत बसून दोन तास मालकिणीशी गप्पा मारल्या तरी तेवढंच. मला स्वतःला तासाचं बरं वाटतं, मी गप्पा मारणारा बार्ड आहे. पण कारागिराला विचारलं असतं तर बरं झालं असतं हे मात्र खरं, रेट बदलायचा तर आधी बोलावून सांगायची रीत आहे.

कडक_भाकरी

तू सराईत दोन तास बसतोस ते आम्हाला सगळ्यांना माहितीये, लेव्हलसाठी नाही बसत.

टेरी_टॉवेल

मालकीण रोल-प्लेला चांगली होती बे.

पार्क_चौक_ते_परदेश

मागाचा दाखला चपखल आहे. आणि पुढं काय झालं तर एका वर्षात, २०१९ ला नववा सीझन आला तेव्हा चेकपॉइंटच गेले. एक्सपी परत आले नाहीत. ॲडव्हेंचर पुरी केली की लेव्हल, नको असेल तर नाही म्हणता येतं. गोल्ड परत आलं पण एका लेव्हलला किती कमवायचं याची मर्यादा, मॅजिक आयटम किती बाळगायचे याची पण टायरप्रमाणं (लेव्हलच्या गटाप्रमाणं) मर्यादा. ज्यांनी चेकपॉइंटचे कोष्टक पाठ केले, एक्सेलच्या शीट बनवल्या, त्यांचं सगळं वाया. लगेच २०२० ला दहावा सीझन, त्यात मोहिमेचे वेगवेगळे भाग पाडले आणि चालू सीझनच्या भागात खेळायचं तर नवं कॅरेक्टर हवं. दुकानात माझ्या टेबलवर एक गृहस्थ होते, वयस्कर, फोल्डरमध्ये एकेक लॉगशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. त्यांना मी सांगितलं की हे कॅरेक्टर इथं चालणार नाही, तुम्ही पहिल्या लेव्हलचं करा. काही बोलले नाहीत, फोल्डर बंद केलं, पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर करून खेळले, आणि पुढच्या आठवड्यापासून यायचे बंद झाले. इंटरनेटवर ओरडणारे सगळे मात्र खेळत राहिले. त्यामुळं मला ओरडणाऱ्यांची काळजी वाटत नाही, कडक्या तू ओरड.

कडक_भाकरी

ओरडूलालोय की.

कंबर_तलाव

मी पाथफाइंडरवाला (डी अँड डीसारखाच दुसऱ्या कंपनीचा खेळ), तुमच्या भांडणात चोंबडेपणा करतो. आमच्याकडं लीगसारखी पाथफाइंडर सोसायटी, २००८ पासून. तिथं हिशोब एकदम सोपा, दुसऱ्या आवृत्तीत एका सिनॅरिओला ४ एक्सपी आणि १२ झाले की लेव्हल. काय मारलं, किती बोललं, काही संबंध नाही. तुमच्या लीगनं इतक्या वर्षांत तीन-चार पद्धती करून बघितल्या, आमच्याकडं हे सुरुवातीपासून बसलेलं आहे.

बदल आमच्याकडं पण झालेत. २०१४ मध्ये आसिमार आणि टीफलिंग (देवदूतांच्या आणि सैतानांच्या वंशातले) सरसकट घ्यायची मुभा काढली तेव्हा बोंबाबोंब झालीच, पण आधी खेळलेले कॅरेक्टर तसेच राहू दिले. लोकांनी तारखेच्या आत घाईघाईनं आसिमार करून ठेवले, टेबलवर देवदूतांची जत्रा, आपल्या गड्डा यात्रेला नसेल एवढी. तरी कुणाचं हातातलं काढलं नाही. २०१९ ला दुसरी आवृत्ती आली तेव्हा जुने कॅरेक्टर नव्यात नेता आले नाहीत, पण ते निदान स्वच्छ होतं, जुना खेळ जुन्या जागी, नवा नव्या.

विजापूर_रोड

आणि रीमास्टर, नियमपुस्तकं परत लिहून काढली ते?

कंबर_तलाव

ते दुखणं तुमच्या कंपनीमुळं. जानेवारी २०२३ मध्ये तुमच्यावाल्यांनी २००० सालापासूनचा खुला परवाना (त्यांचे नियम वापरून इतरांना पुस्तकं काढू देणारा) बदलायचा घाट घातला, मसुदा फुटला, सगळीकडं आग लागली, शेवटी जानेवारी संपायच्या आत माघार घेऊन मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकला. पण आमच्या पायझोनं (पाथफाइंडरची कंपनी) म्हणलं आता भरवसा नाही, आणि नोव्हेंबर २०२३ पासून रीमास्टरची पुस्तकं काढली. अलाइनमेंट (कॅरेक्टर भला का बुरा ते) गेली, स्पेलची नावं बदलली, मॅजिक मिसाइल आता फोर्स बराज आहे. चिडलो सगळे, पण कंपनीवर नाही चिडलो, कारण का बदललं ते माहीत होतं. तुमच्या आठव्या सीझनला गोल्ड का काढलं ते कुणाला नीट कळलंच नाही, म्हणून राग राहिला.

पार्क_चौक_ते_परदेश

थोडं वेगळं म्हणतो. कारण सांगितलं होतं. मारामारी, फिरणं, बोलणं तिन्हीला सारखा मोबदला मिळावा, टेबलाटेबलात फरक राहू नये, वगैरे. लोकांना कारण पटलं पण होतं. चीड आली ती कागदावर लिहिलेलं मागं जाऊन बदलल्याची. पुढच्यासाठी काय वाट्टेल तो नियम करा, जे सही होऊन लॉगशीटवर बसलंय त्याला हात लावू नका. माझ्या बघण्यात हा एवढाच धागा सगळ्या भांडणांत सारखा आहे. पीएचबी प्लस वनच बघा. प्लेयर्स हँडबुक आणि वर एकच पुस्तक, एवढंच वापरायचं. म्हणजे एका पुस्तकातला आसिमार घेतला की दुसऱ्या पुस्तकातला कॉन्क्वेस्टवाला पॅलाडिन नाही. जाचक नियम होता, वर्षानुवर्षं कुरकुर झाली, पण कुणी टेबल सोडून गेलेलं मी बघितलं नाही, कारण कॅरेक्टर करतानाच माहीत असायचं. नंतर तो काढला तेव्हा पण कुणाचं काही गेलं नाही, मिळालंच.

आणि तसं बघितलं तर लीग अख्खी बंद पण होते. लिव्हिंग ग्रेहॉक म्हणून होती, २००० ते २००८. त्यात खऱ्या जगातल्या प्रदेशाला खेळातला एकेक प्रदेश वाटून दिलेला. चौथी आवृत्ती आली आणि मोहीम संपवली, कॅरेक्टर तिथंच राहिले. लोक अजून हळहळतात, पण फसवलं म्हणत नाहीत.

नवखी_ड्रुइड

मला आता भीती वाटायला लागली. माझी ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) हाफ-एल्फ आहे, म्हणजे अर्धी माणूस अर्धी एल्फ, तिसऱ्या लेव्हलची, आणि नव्या पुस्तकात हाफ-एल्फच नाहीये. ती राहणार का नाही? बाकी नवं पुस्तक मला खरंच सोपं वाटतंय, सबक्लास (क्लासमधली शाखा) सगळ्यांना तिसऱ्या लेव्हललाच, बरं करायचा स्पेल एकाऐवजी दोन डी ८, मागच्या वेळी मी एक टाकला होता आणि कडकदादा जमिनीवरच राहिले होते.

कडक_भाकरी

जमिनीवर नाही, विश्रांती घेत होतो.

ताई तुझी हाफ-एल्फ कुठं जात नाही. जुन्या पुस्तकातली आहे ती, नव्यात ज्याला जागा नाही ते जुन्यातून घेता येतं असं पुस्तकवालेच म्हणतात. फड मालक, बरोबर ना?

फाशांचा_फड

बरोबर. शिवाय ताई पाचव्या लेव्हलच्या खाली आहे, आणि पहिल्या चार लेव्हलमध्ये कॅरेक्टर मोडून परत बांधता येतं ही लीगची जुनीच सवलत आहे. काही बदलायचं तर बदल, नाव आणि लॉगशीट राहू दे.

पत्त्यांचा_राजा

एवढं वाचून माझा एकच प्रश्न उरला. चालू लढाईत एकाचा स्माइट जुना आणि दुसऱ्याचा स्पेल नवा असं चालेल का? पत्त्यात तरी अर्ध्या डावात हुकूम बदलत नाहीत.

शनिवारची_हुतात्मा

तेच तर. मिसळलं तर सगळ्यात बेकार. पुण्यात एका टेबलवर बघितलं, थकव्याचा नियम एकाला जुना एकाला नवा. जुन्यात तीन पातळ्या थकलात तर वार आणि सेव्ह (बचावाचा फासा) दोन्हीला दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा, नव्यात पातळीमागं दोन वजा. दोघं एकाच वाळवंटात थकलेत, एक हिशोब करतोय, दुसरा फासे परत टाकतोय, अर्धा तास त्यात गेला. माझी मागणी एवढीच, टेबल एका नियमावर असावं, मग तो कुठलापण असो. आणि लॉगशीटवर लिहिलेलं असावं कुठल्या तारखेपासून नवा नियम.

विजापूर_रोड

+१. आणि लॉगशीटचं निघालंच आहे तर, माझ्या लॉगशीटवर शेंगा चटणीचं बोट कुणी पुसलं? बरोबर गोल्डच्या रकान्यावर. २४० आहे का २९० हेच दिसेना, तेल कागदातून मागं उतरलंय. पुण्याचा डीएम हे बघून काय म्हणेल.

टेरी_टॉवेल

२४० लिही, टॅक्स कमी लागेल.

कडक_भाकरी

चटणी त्यानंच आणली होती, कडक भाकरी माझी, म्हणून माझ्यावर नाव येणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

फाशांचा_फड

बरं, दोन दिवस वाचतोय, आता माझं ऐका. सध्याची ॲडव्हेंचर ज्या नियमांनी सुरू झाली त्याच नियमांनी संपेल. तळघरातून बाहेर येईपर्यंत पॅलाडिनचा स्माइट जुना, काउंटरस्पेल जुना, थकवा जुना. बाहेर आलो की त्या तारखेला सगळे एकदम नव्या पुस्तकावर, त्या दिवशी लढाई नाही, फक्त कागद, प्रत्येकाच्या लॉगशीटवर एक ओळ आणि माझी सही. सापडलेले आयटम, गोल्ड, लेव्हल यातलं काहीही कमी होणार नाही. पाचव्या लेव्हलच्या वर आहेत त्यांना पण फीट आणि स्पेल एकदा बदलू देणार, कडक्यानं ज्या हिशोबानं घेतले होते तो हिशोबच राहिला नाही म्हणल्यावर ते धरून ठेवण्यात अर्थ नाही. पुण्यात हे कितपत मान्य होईल ते हुतात्मानं तिथल्या डीएमला आधीच दाखवून घ्यावं, तिथं अडलं तर त्याच्यापुरतं वेगळं बघू. घरचे नियम नकोत. राजे, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण एक घरचा नियम आला की त्याच्या मागून दहा येतात, आणि ते कुणाच्या सोयीनं येतात ते विजापूर_रोडनं गालिच्यात सांगितलंच आहे.

पत्त्यांचा_राजा

ठीक. खेळायला जागा आहे का एक?

फाशांचा_फड

आहे. या. पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर, फासे मी देतो.

कडक_भाकरी

मला हे अजून मान्य नाही हे नोंदवून ठेवा. पण फीट बदलायला मिळणार असेल तर मी नवं पुस्तक एकदा नीट वाचून येतो. आणि तळघरात अजून दोन सेशन तरी निघतील असं बघा, हात जोडतो, मला सगळे स्लॉट जाळायचेत.

पार्क_चौक_ते_परदेश

कडक्या, वाचताना घोड्याचं पान सोडू नको. बारक्या बोगद्यात तो येतोच असं नाही पण उडणारा घोडा वरच्या लेव्हलच्या स्लॉटला मिळतो.

कडक_भाकरी

उडणारा? हे आधी का नाही सांगितलंत ओ अण्णा.

शनिवारची_हुतात्मा

या रविवारी नक्की ना? मागच्या वेळी आलो आणि कळलं की पाण्याचा दिवस आहे म्हणून कॅन्सल.

फाशांचा_फड

पाणी शनिवारी येऊन जाईल असं वॉलमननं सांगितलंय. रविवारी सकाळी दहा, लॉगशीट आणि पेन्सिल आणा, पेन नको. चटणीसाठी वेगळा स्टूल ठेवलाय.